परश्यामागची फौज

लॉस एंजेलिसला लागून कल्व्हर सिटी म्हणून एक गाव आहे. तिथं सोनी कंपनीच्या आवारात उंच छताचा एक जुना हॉल आहे. पूर्वी हे आवार एमजीएमचं होतं. १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’चं संगीत याच हॉलमध्ये मुद्रित झालं होतं. त्याच हॉलमध्ये साठहून जास्त वादक बसले, समोर मार्क ग्रॅहम हा संचालक उभा राहिला आणि या सगळ्यांनी करमाळ्याकडच्या मातीतल्या एका सिनेमासाठी वाजवलं. सिनेमा ‘सैराट’, संगीतकार अजय-अतुल. भारतीय सिनेमाचं संगीत त्या हॉलमध्ये मुद्रित होण्याची ती पहिलीच वेळ, आणि तो मान हिंदी सिनेमाला नाही, मराठीला मिळाला.

हे मी लिहितोय ते लखनौच्या पूर्व टोकावरून, चिनहटमधून. चिनहट म्हटलं की इतिहासवाल्यांना १८५७ ची लढाई आठवते, जुन्या लखनौकरांना इथली रंगीत चिनीमातीची भांडी आठवतात, आणि आम्हाला देवा रोडवरचा ट्रकचा कारखाना. टाटांचा हा कारखाना १९९२ चा. पिंपरी-चिंचवडहून बदली होऊन आलेली काही मराठी घरं इथंच रुळली, त्यातलं एक आमचं. चिंचवडला असताना मी गणपतीत, गॅदरिंगमध्ये, लग्नाच्या हॉलवर कीबोर्ड वाजवायचो. ‘व्हायोलिन’ लिहिलेलं बटण दाबलं की व्हायोलिन वाजतं, अशी आमची तेव्हाची समजूत. त्या सवयीचा एक फायदा मात्र झाला. गाणं लागलं की माझा कान आधी मागच्या वाजवणाऱ्यांकडे जातो. गायक काय म्हणतोय ते दुसऱ्यांदा ऐकताना कळतं.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा कॉलेजच्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवतो. मेटॅलिकानं १९९९ साली सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर केलेला अल्बम त्याला कुठं सापडला आणि पोरगं वेडं झालं. इकडं इलेक्ट्रिक गिटारचा गदारोळ, तिकडं शंभरेक माणसांचा वाद्यवृंद. ‘‘अंकल, इंडिया में ऐसा कुछ हुआ है क्या?’’ मी म्हटलं, हुआ है. सैराट ऐक. तो हसला. ‘‘झिंगाट वाला?’’

हो, झिंगाटवालाच. ‘सैराट’ला कुणी रॉक म्हणत नाही आणि म्हणूही नये. पण रॉक अधिक वाद्यवृंद या प्रकारात जो पेच असतो, तोच ‘सैराट’समोर होता, आणि माझ्या मते तो तिथं जास्त चांगला सुटला. पेच असा: एका बाजूला अंगात येणारा ठेका, जो कानानं शिकलेले लोक वाजवतात. दुसऱ्या बाजूला खुर्च्यांवर ओळीनं बसलेले लोक, जे समोरच्या कागदावर लिहिलं असेल तेवढंच वाजवतात. दोघांना एका गाण्यात बसवायचं, तर कुणी कुणापुढं वाकायचं?

इंग्रजांकडे हा प्रश्न १९६७ पासून चघळला जातोय. १० फेब्रुवारी १९६७ ला बीटल्सनी ‘अ डे इन द लाइफ’ या गाण्यासाठी चाळीस वादक बोलावले. गाण्याच्या मधोमध चोवीस मात्रासमूहांची जागा मोकळी होती. निर्माता जॉर्ज मार्टिननं वादकांना सांगितलं, आपल्या वाद्याच्या सगळ्यात खालच्या सुरापासून निघा आणि चोवीस संपेपर्यंत वरच्या टोकाला पोचा. मधे कसं जायचं ते ज्याचं त्यानं बघायचं, शेजारच्याकडे बघायचं नाही. ज्यांचं अख्खं आयुष्य शेजारच्याशी जुळवून वाजवण्यात गेलं, त्यांना हे सांगणं म्हणजे शुद्ध छळ. पण तो चढत जाणारा कल्लोळ आजही ऐकला की छातीत काहीतरी सरकतं.

मग २४ सप्टेंबर १९६९. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. डीप पर्पल या बँडचा कीबोर्डवाला जॉन लॉर्ड यानं बँड आणि वाद्यवृंदासाठी तीन भागांची आख्खी रचना लिहिली, आणि रॉयल फिलहार्मोनिकला घेऊन माल्कम अर्नोल्डनं ती सादर केली. तिचा पुढे अल्बम निघाला. लोकांनी टाळ्या पिटल्या, पण बँडचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर वैतागला होता; पुढचा अल्बम त्यांनी वाद्यवृंदाला हात न लावता दणदणीत केला. मला या रचनेची पुढची गोष्ट जास्त आवडते. १९७० मध्ये तिचे लिहिलेले कागद हरवले. कागद गेले म्हणजे रचना गेली, कारण शंभर माणसांना तोंडी कोण शिकवणार? शेवटी मार्को दे खोय या डच संगीतकारानं जुनं ध्वनिमुद्रण ऐकत आणि चित्रफीत बघत एकेका वाद्याची ओळ पुन्हा लिहून काढली. १९९९ मध्ये त्याच हॉलमध्ये ती पुन्हा वाजली, तेव्हा लंडन सिम्फनी साथीला होती.

लखनौचाही या कथेत एक माणूस आहे, आणि लखनौला त्याचा पत्ता नाही. १४ ऑक्टोबर १९४० ला इथल्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात हॅरी वेब नावाचं एक मूल जन्मलं. बाप रेल्वेच्या खानपान ठेकेदाराकडे नोकरीला. १९४८ मध्ये कुटुंब बोटीनं इंग्लंडला गेलं आणि हॅरीचा पुढे क्लिफ रिचर्ड झाला, ब्रिटनचा पहिल्या फळीतला रॉक अँड रोल गायक. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यानं अल्बर्ट हॉलमध्येच लंडन फिलहार्मोनिकबरोबर आपली गाणी गायली. १९८३ मध्ये त्याचा ‘ड्रेस्ड फॉर द ओकेजन’ हा अल्बम आला आणि ब्रिटनच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेला. संचालक होता रिचर्ड ह्यूसन. हा तोच गृहस्थ, ज्यानं १९७० मध्ये बीटल्सच्या ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’वर फिल स्पेक्टरच्या सांगण्यावरून व्हायोलिनं आणि कोरस चढवले होते, आणि ते ऐकून पॉल मॅकार्टनी भडकला होता.

क्लिफचा तो अल्बम मी ऐकला आहे. सगळं स्वच्छ, सुरात, कपड्याला सुरकुती नाही. पण ‘डेव्हिल वुमन’सारख्या गाण्याचा चावरेपणा त्यात मऊ पडतो. वाद्यवृंद आला की गाण्यानं आवाज खाली आणायचा, बूट पुसायचे, असा एक अलिखित नियम या बऱ्याच अल्बमांत पाळलेला दिसतो. समीक्षकांचा रागही या नियमावरच होता. रॉकवाल्यांना प्रतिष्ठा हवी होती आणि त्यासाठी त्यांनी अभिजात संगीताचा कोट अंगावर चढवला, असं ते म्हणायचे. सगळ्यांच्या बाबतीत ते खरं नाही. क्लिफच्या बाबतीत थोडं आहे.

आता आपल्याकडे वळू. हिंदी सिनेमात मोठा वाद्यवृंद आणण्यात ज्यांचं नाव पहिल्या ओळीत घ्यावं लागतं ते संगीतकार नौशादही लखनौचेच. जन्म १९१९ चा. पेट्या दुरुस्त करत, मूकपटांना साथ करणाऱ्या मंडळींत कान तयार करत ते १९३७ मध्ये मुंबईला गेले आणि १९५२ च्या ‘आन’साठी त्यांनी शंभर वादकांचा ताफा उभा केला. त्या काळात मुंबईच्या स्टुडिओंत हा ताफा चालायचा तो गोव्याच्या माणसांच्या जिवावर. चर्चच्या शाळांतून स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकून आलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे अरेंजर संगीतकाराची चाल ऐकायचे आणि रातोरात चाळीस-पन्नास जणांचे कागद लिहायचे. मजोर्ड्याच्या गोन्साल्विसनी तर १९५८ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्सच्या आवारात वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. पडद्यावर या अरेंजरांची नावं क्वचित यायची.

आणि कागदाचाच विषय निघालाय तर भातखंड्यांना वगळून लखनौतून हलता येत नाही. वाळकेश्वरचे वकील विष्णु नारायण भातखंडे देशभर हिंडून उस्तादांकडच्या चिजा स्वरलिपीत उतरवत राहिले, आणि १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज उभं राहिलं. आज कैसरबागेत त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. त्यांची लिपी एका माणसाच्या गाण्यापुरती, एका ओळीची. एकाच वेळी तीस ओळी वाजवायच्या, हे तिचं काम नव्हतंच. आपल्याकडे कागद आला, पण एकेकट्या गायकाच्या हातात आला.

अजय आणि अतुल गोगावले या दोन्ही जगांच्या बाहेरचे. वडील महसूल खात्यात, बदल्या जुन्नर, शिरूर अशा गावांत. घरात वाद्यं नाहीत. गोंधळ, भारूड, जागर, तमाशा, बँडबाजा जे कानावर पडलं ते साठत गेलं, आणि त्यातच कुठंतरी तमिळ सिनेमाचे संगीतकार इळयराजा यांच्या संगीताचं वेड लागलं. इळयराजांचा वाद्यवृंद ज्यानं नीट ऐकलाय त्याला या भावांचा हट्ट कळतो. आपल्याकडची चाल आणि पाश्चात्त्य लेखन एकत्र नांदू शकतं हे इळयराजांनी १९८६ च्या ‘हाउ टु नेम इट’मध्ये दाखवलं, पुढे २००५ मध्ये ‘तिरुवासगम’साठी बुडापेस्टच्या वाद्यवृंदाला तमिळ भक्तिकाव्यामागं बसवलं. अजय-अतुलचा पहिला मोठा अल्बम २००१ चा ‘विश्वविनायक’. त्यातही संस्कृत स्तोत्रांमागं भला मोठा वाद्यवृंदाचा घाट होता. मग ‘अगं बाई अरेच्चा’, ‘जत्रा’, राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा ‘जोगवा’, ‘नटरंग’. म्हणजे कल्व्हर सिटीला जायची तयारी पंधरा वर्षं चालू होती. विमानाचं तिकीट तेवढं उशिरा निघालं.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगतो, कारण ‘हॉलिवुडला जाऊन रेकॉर्ड केलं’ एवढ्यावर आपल्याकडची चर्चा थांबते.

आधी चाल. ती पेटीवर किंवा नुसती गुणगुणत होते. मग संगणकावर तिचा कच्चा आराखडा करतात. व्हायोलिन, चेलो, बासरी, हॉर्न सगळे संगणकातल्या साठवलेल्या आवाजांनी वाजवून बघतात. इथपर्यंत आमचा चिंचवडचा बँडही पोचला असता. खरी मेहनत यानंतर. त्या आराखड्यातली प्रत्येक ओळ कागदावर उतरवायची. पहिली व्हायोलिनं काय वाजवणार, दुसरी काय, व्हायोला, चेलो, डबल बास. कुठं गज ओढायचा, कुठं तार बोटानं छेडायची. कुठं हळू सुरू करून किती मात्रांत किती चढायचं. मराठी चालीत हरकती असतात, मुरक्या असतात, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायच्या जागा असतात. अजयच्या गळ्यातून त्या आपोआप येतात. पण चाळीसच्या वर तंतुवाद्यांनी तीच जागा एकदम घ्यायची असेल, तर ती कुठून सुटते आणि कुठं टेकते हे लिहावंच लागतं. नाही लिहिलं तर चाळीस जण चाळीस प्रकारे घसरतील.

तिथले वादक गाणं पाठ करून येत नाहीत. तिथल्या अशा वाद्यवृंदाचं ‘हॉलिवुड स्टुडिओ सिम्फनी’ हे नाव ऐकून कायमचा संच डोळ्यापुढं येतो, पण तसं नाही. हे सगळे रोजीवर काम करणारे कसबी लोक. त्या त्या कामासाठी गोळा होतात. आले की स्टँडवर कागद असतो, कानात हेडफोन असतो. हेडफोनमधून क्लिक ऐकू येते, टिक टिक टिक, गाण्याच्या लयीत. आमच्या असेंब्ली लाइनवर जसा प्रत्येक ठिकाणाला ठरलेला वेळ असतो आणि चेसिस त्या वेळात पुढं सरकतंच, तशी ही क्लिक कुणासाठी थांबत नाही. कागद पहिल्यांदा समोर आला तरी हे लोक पहिल्याच फेरीत जवळजवळ बरोबर वाजवतात. वेळ महाग असतो, म्हणून कागदात चूक चालत नाही. एका व्हायोलाच्या कागदावर एक चिन्ह चुकलं तर साठ माणसं खोळंबतात आणि मीटर पडत राहतो.

एवढी माणसं कशाला, संगणकात व्हायोलिन असताना? ड्रमवाल्या पोराचा हाच प्रश्न होता. कारण दहा जण एकच सूर वाजवतात तेव्हा तो तंतोतंत एक नसतो. कुणाचं बोट केसभर वर, कुणाचा गज पापणी लवण्याइतका उशिरा, कुणाचा कंप जलद, कुणाचा संथ. या बारीक बारीक फरकांतून आवाजाला जाडी येते. यंत्र तोच साठवलेला सूर पुन्हा पुन्हा देतं, आणि कान फसत नाही. नक्की काय कमी आहे ते सांगता आलं नाही तरी कमी आहे हे कळतं. शिवाय त्या हॉलची उंची. संचालकाच्या डोक्यावर आणि वाद्यांपासून लांबवर माइक टांगलेले असतात, त्यांत वाद्याबरोबर हॉलची हवाही येते.

आपली तालवाद्यं मात्र अगदी उलट्या रीतीनं मुद्रित होतात: लहान खोली, जवळ माइक, चामड्यावर पडणारं बोट न् बोट ऐकू आलं पाहिजे. दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी वाजवलं तर ताशाचा आवाज व्हायोलिनच्या माइकात घुसून सगळ्याचा चिखल होईल. मंचावर रॉक बँडबरोबर वाजवणाऱ्या वाद्यवृंदांची हीच रड असते; ड्रमपुढं पारदर्शक पडदे लावून कसंबसं निभावतात. सिनेमाच्या गाण्यात ठेका इकडं, वाद्यवृंद तिकडं, गायक तिसऱ्याच ठिकाणी असं वेगवेगळं मुद्रित होतं आणि मिश्रणाच्या वेळी एकत्र येतं. क्लिक सगळ्यांची एकच, म्हणून जुळतं.

आणि इथंच ‘सैराट’चं मला पटलेलं वैशिष्ट्य आहे. ठेका वाजवणाऱ्याला वाद्यवृंदासमोर अंग चोरावं लागलं नाही. त्यानं गावच्या वरातीत वाजवतो तसंच वाजवावं आणि वाद्यवृंदानं त्याच्याभोवती जागा करून घ्यावी, असं त्या गाण्यांचं लेखन आहे. क्लिफच्या अल्बमात गाणं वाद्यवृंदाकडे चालत गेलं. इथं वाद्यवृंद करमाळ्यापर्यंत चालत आला.

अल्बममध्ये गाणी चारच. ‘याड लागलं’ अजयच्या आवाजात, ‘आताच बया का बावरलं’ श्रेया घोषालचं, ‘सैराट झालं जी’ अजय आणि चिन्मयी श्रीपादा यांचं, आणि ‘झिंगाट’ दोघा भावांचं. वाद्यवृंदाची कमाई बघायची तर ‘याड लागलं’ हेडफोन लावून ऐका, आणि शब्द सुरू व्हायच्या आधीचा भाग घाईनं पुढं ढकलू नका. तिथं व्हायोलिनं जी उसळी घेतात, ती आपण आजवर कुणासाठी ऐकली आहे? राजपुत्रासाठी, अंतराळात निघालेल्या वीरासाठी, स्वित्झर्लंडच्या बर्फात हात पसरून उभ्या राहिलेल्या हिरोसाठी. इथं ती वाजते ‘सैराट’च्या नायकासाठी, परश्यासाठी. बाप मासेमारी करतो, जात पारधी, मुलगी पाटलाची. त्याच्या धावण्यामागं साठ माणसांची फौज उभी करणं हा माझ्या दृष्टीनं श्रीमंती थाट नाही, तो दिग्दर्शक नागराज मंजुळे आणि अजय-अतुल यांनी घेतलेला पक्ष आहे.

काहींना हे खटकलं. गावची गोष्ट, मग एवढा विलायती बडेजाव कशाला, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला वाटतं त्यांनी सिनेमा कानानं शेवटपर्यंत ऐकला नाही. चारही गाणी पूर्वार्धात संपतात. पळून हैदराबादला गेल्यावर गाणं नाही. झोपडपट्टी, डोसा, भांडण, रोजची रोजंदारी. आणि शेवटच्या प्रसंगात तर पार्श्वसंगीतच काय, कुठलाच आवाज नाही. पहिल्या दीड तासात कानाला मोठ्या वाद्यवृंदाची सवय लावल्याशिवाय ती शांतता तशी अंगावर आली नसती. लहान संगीत वापरून हा हिशोब जमला नसता.

सिनेमा आधी फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २९ एप्रिलला महाराष्ट्रात लागला. तो उन्हाळा दुष्काळाचा होता. लातूरला रेल्वेनं पाणी चाललं होतं. आणि त्याच दिवसांत तालुक्याच्या थिएटरांत माणसं खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचत होती. ‘झिंगाट’ संपलं की पुन्हा लावा म्हणून ओरडा व्हायचा आणि काही ठिकाणी मालक लावायचेही. पुण्याहून भाऊ फोनवर सांगायचा, थिएटरातली शिट्ट्यांची रेकॉर्डिंगं पाठवायचा. शंभर कोटींच्या घरात गेलेला हा पहिला मराठी सिनेमा. यातली गंमत अशी की नाचणाऱ्यांतल्या फारच थोड्यांना कल्व्हर सिटीचं काही पडलं होतं. नाचायला ठेका पुरतो. वाद्यवृंदाचं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं, जेव्हा माणूस भांडी घासताना किंवा गाडी चालवताना ‘याड लागलं’ची व्हायोलिनची ओळ गुणगुणतो आणि आपण शब्द नाही तर वाद्य गुणगुणतोय हे त्याच्या लक्षातही येत नाही.

चिनहटपर्यंत हे सगळं पोचलं ते दोन वर्षांनी, ‘धडक’च्या वाटेनं. जुलै २०१८. ‘याड लागलं’चं ‘पहली बार’ झालं, ‘झिंगाट’चं हिंदी ‘झिंगाट’ झालं, करमाळ्याचं उदयपूर झालं. सिनेमाबद्दल न बोललेलं बरं. पण चाली पक्क्या होत्या, त्या भाषा ओलांडून आल्या. इकडं लग्नसराईला सहालग म्हणतात. सहालग लागला की देवा रोडला रात्री ट्रक आणि वराती एकाच गतीनं चालतात, आणि दर तिसऱ्या वरातीत ‘झिंगाट’ असतं. आमच्या कारखान्यातला अवधी बोलणारा फोरमन मला म्हणाला होता, ‘‘साहब, आपके यहाँ का गाना है, आप तो उतरिए.’’ उतरलो. न उतरून सांगतो कुणाला.

ड्रमवाल्या पोराचं पुढं काय झालं ते सांगायला हवं. सिम्फनी परवडत नाही हे त्याला हिशोब मांडल्यावर कळलं. मुंबईत एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, पण सुरुवातीला त्यांनाही कझाकस्तानातून वादक आणावे लागले. एकत्र बसून कागदावरून वाजवणारी तंतुवाद्यं या देशात अजून कमीच आहेत. मी त्याला गरिबाचा मार्ग सांगितला. चार व्हायोलिनवाले गाठ, एकच ओळ त्यांच्याकडून तीनदा वाजवून घे, प्रत्येक वेळी जागा बदलून बसव, आणि तिन्ही एकावर एक ठेव. बारांचा आवाज येत नाही, पण चारांचाही राहत नाही. लखनौत व्हायोलिनवाले मिळतात. भातखंडे विद्यापीठात पिढ्यान्‌पिढ्या ते शिकवलं जातंय, एके काळी वि. गो. जोगांसारखा माणूस तिथं शिकवायला होता. अडचण एवढीच की ते मांडी घालून, ऐकून वाजवतात. त्यांना क्लिकची सवय नाही आणि आमच्या ड्रमवाल्याला धीर नाही. तीन तालमींत दोनदा भांडण झालं. गाणं अजून चालू आहे.

मधल्या काळात या उद्योगाची बातमी चिनहट तिराह्याजवळच्या एका बँडवाल्याला लागली. वरातींतला बँड: दोन ट्रम्पेट, एक क्लॅरिनेट, युफोनियम, ढोल, आणि झगमगत्या दिव्यांच्या गाडीला ढकलणारी पोरं. त्यांचा मास्टर घरी आला. ‘झिंगाट’ त्यांचं बसलेलं होतं, त्याला ‘पहली बार’च्या आधीचा व्हायोलिनचा तुकडा हवा होता, ‘‘वो जो उठता है, वही.’’ स्टाफ नोटेशन त्याला येत नाही, पण क्लॅरिनेटवाल्याला लहानपणी शाळेत शिकलेली भातखंडे लिपी वाचता येते. मग काय, बसलो. तीन रात्री हेडफोन लावून व्हायोलिनची वरची ओळ सरगमीत उतरवली. खालच्या ओळींतली एक युफोनियमला दिली. सरगमीचा फायदा असा की ट्रम्पेट कुठल्या पट्टीतलं, क्लॅरिनेट कुठल्या पट्टीतलं, हा घोळच नाही. सा कुठंही धरा, बाकीचे सूर आपोआप येतात.

तालीम त्यांच्या गाडीच्या शेडमध्ये झाली. पहिली चढण छान जमली. दुसऱ्या ठिकाणी व्हायोलिनं वरच्या सुरावर थांबतात, तिथं मी चार मात्रांची रेघ ओढली होती. ट्रम्पेटवाल्यानं तो सूर धरला, दोन मात्रांनी सोडला आणि पुढं निघाला. मी कागद दाखवला. मास्टरनं कागद घेतला, कानामागचं बॉलपेन काढलं आणि त्या रेघेवर काट मारली. ‘‘भाईसाहब, बारात में इतना रुकेगा कौन? पीछे टेम्पो खड़ा है.’’ आणि ढोलवाल्याला खूण करून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.